दगडाच्या आत पाहणारा माणूस : हेन्री क्लिफ्टन सॉर्बी

भूशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी विद्यार्थ्यांच्या हाती हातोडा देत नाही, काचेची एक पट्टी देतो. पट्टीच्या मध्यावर धुरकट, जेमतेम दिसणारा एक डाग असतो. हे काय असावे असे विचारले की कोणी वाळलेला डिंक म्हणतो, कोणी काचेवरचा ओरखडा. तो असतो आपल्या बेळगावच्या उत्तरेकडे मैलोगणती पसरलेला काळा पाषाण, घासून घासून केसाहूनही पातळ केलेला. ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दोन निकोल लोलक एकमेकांशी काटकोनात आणले की फेल्डस्पारच्या करड्या-पांढऱ्या काड्या आणि त्यांच्यामध्ये अडकलेले ऑजाइटचे निळे, पिवळे, तांबूस कण एकदम उजळून निघतात. वर्गात क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी हटकून विचारतो की मधले ते काळे ठिपके कसले, ते का उजळत नाहीत? ते असतात लोहाच्या खनिजाचे कण. त्यांच्यातून उजेड पारच जात नाही. त्यांना पाहायचे तर उजेड वरून टाकावा लागतो आणि दगडाचे तोंड आरशासारखे घासावे लागते.

दगड पातळ करून त्यातून पाहणे आणि धातूचे तोंड चकचकीत करून त्यावर पाहणे, या दोन्ही वाटा प्रथम नीट चालून दाखवल्या त्या एकाच माणसाने. त्याचे नाव हेन्री क्लिफ्टन सॉर्बी. भूशास्त्राच्या आणि धातुशास्त्राच्या जाणकारांत हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र ते परीक्षेतल्या एका टिपेपुरते ठाऊक असते. मलाही विद्यार्थिदशेत तेवढेच ठाऊक होते. त्यापलीकडचा सॉर्बी मला भेटला तो माझ्या एका फजितीमुळे. ती आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय या माणसाबद्दल मला एवढी आपुलकी का वाटते हे कळणार नाही.

एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे मी धातुकांची परीक्षा करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. मॅग्नेटाइट आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण असलेल्या एका धातुकाची दळलेली पूड माझ्याकडे आली होती. प्रश्न साधा होता. एवढ्या दळणाने मॅग्नेटाइटचे कण क्वार्ट्झपासून सुटे झाले आहेत की नाहीत? धातुक दळायचे ते त्यासाठीच. खनिजाचा कण मलखनिजापासून सुटा झाला तरच चुंबकाने, पाण्याने किंवा फेसाने तो वेगळा काढता येतो. चिकटून राहिला तर एक तर तो गाळाबरोबर वाया जातो, नाही तर आपल्याबरोबर क्वार्ट्झ घेऊन मालात येतो. जास्त दळावे तर विजेचा खर्च भरमसाट वाढतो, आणि पिठासारखी बारीक झालेली पूड पाण्यात चिखल होऊन हाती लागत नाही. धातुक शुद्ध करणाऱ्या कारखान्यात विजेचा सर्वांत मोठा वाटा दळणालाच जातो. म्हणून हे सुटेपण मोजणे हा तिथे शोभेचा विषय नसून पोटाचा विषय असतो.

मी पूड रेझिनमध्ये घट्ट बसवली, वडी कापली, तोंड घासून चकचकीत केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजला. बहुतेक मॅग्नेटाइट सुटे दिसले. मी तसा अहवाल दिला आणि दळण थोडे जाडसर ठेवले तरी चालेल, असे आगाऊपणे वर लिहिले. प्रत्यक्ष चाचणीत मात्र मालात क्वार्ट्झ ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त आले. चूक मोजण्यात नव्हती, विचारात होती. बेसनाच्या लाडवात एकच बेदाणा असेल आणि आपण लाडू मधून कुठेतरी सुरीने कापला, तर बहुतेक वेळा सुरी बेदाण्याला लागतच नाही. कापलेले तोंड पाहणारा म्हणेल की हा निव्वळ बेसनाचा लाडू. दळलेल्या कणाचेही तसेच होते. जोडकण कापला गेला आणि सुरी एकाच खनिजातून गेली तर तो सुटा वाटतो. उलट खरोखर सुटा असलेला कण कुठेही कापला तरी जोडकण दिसत नाही. म्हणजे ही चूक एकाच दिशेला होते. कापलेल्या तोंडावर सुटेपण नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच दिसते. हे मला पुस्तकातून माहीत असायला हवे होते.

अहवाल मागे घेण्याचे पत्र लिहायला मला आठवडा लागला. रोज कागद घ्यायचा आणि फाडायचा. आमचे वरिष्ठ फार बोलणारे नव्हते. ते रागावले नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या टेबलावर एक जुने पुस्तक ठेवले आणि त्यात खूण करून दिलेले प्रकरण वाचायला सांगितले. ते प्रकरण सॉर्बीचे होते.

सॉर्बीचा जन्म १० मे १८२६ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड गावाजवळ वुडबर्न येथे झाला. शेफील्ड म्हणजे सुऱ्या, कात्र्या आणि पोलादी हत्यारांचे गाव, आणि सॉर्बी घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच धंद्यातले. हेन्री आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. शाळा गावातच झाली, पुढचे शिक्षण घरी शिक्षक ठेवून झाले. विद्यापीठात तो गेला नाही. १८४७ साली वडील वारले तेव्हा त्याचे वय एकवीस होते. हाती आलेला पैसा फार मोठा नव्हता, पण एकट्याला बेताने राहिले तर जन्मभर पुरेल इतका होता. धंद्यात घालून तो दुप्पट-चौपट करता आला असता. सॉर्बीने ठरवले की पैसा वाढवायचा नाही, वेळ विकत घ्यायचा. त्याने राहत्या घरातच प्रयोगशाळा आणि कार्यशाळा थाटली आणि आपले आयुष्य विज्ञानाला वाहिले. त्याने लग्न केले नाही. १८७४ साली आई वारेपर्यंत मायलेकरांचे ते दोघांचेच घर होते.

कोणी नेमलेले नाही, पगार नाही, परीक्षा नाही, वरिष्ठ नाही. अशा स्वातंत्र्यात माणूस बहुधा आळशी होतो किंवा छांदिष्ट होतो. सॉर्बी या दोन्हींपासून वाचला तो हाताच्या कामामुळे. विल्यम क्रॉफर्ड विल्यमसन नावाच्या मँचेस्टरच्या निसर्गशास्त्रज्ञाशी त्याची ओळख झाली. विल्यमसन जीवाश्म झालेले लाकूड, दात आणि माशांचे खवले घासून त्यांच्या पातळ चकत्या करीत असे. ती हातोटी सॉर्बीने उचलली आणि मनात विचार आणला की हेच खडकाचे का करू नये?

आज हे सोपे वाटते. त्या वेळी यंत्राची करवत नव्हती, वीज नव्हती. दगडाची कपची घ्यायची, एक बाजू जाडसर पुडीवर, मग बारीक पुडीवर घासून सपाट करायची, ती बाजू कॅनडा बाल्समने काचेवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत जायचे. इंचाच्या हजाराव्या भागाइतकी जाडी उरेपर्यंत. शेवटच्या चार हेलकाव्यांत हात जड पडला तर सगळी चकती पुसली जाते आणि दिवसाचे काम चिखलात जाते. आमच्या प्रयोगशाळेत यंत्र असूनही पहिल्या महिन्यात निम्म्या चकत्या अशाच जातात. सॉर्बी एकटाच हे करीत होता आणि त्याला चूक दाखवणाराही कोणी नव्हता.

१८४९ च्या सुमारास त्याच्या पहिल्या चकत्या तयार झाल्या, आणि लवकरच यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील चुनखडीयुक्त वालुकाश्मावर त्याने त्या आधारे निबंध लिहिला. १८५३ साली त्याने पाटीच्या दगडाचा प्रश्न हाती घेतला. पाटीचा दगड एकाच दिशेने पातळ पापुद्र्यांत का फुटतो, यावर तेव्हा वाद होता. सॉर्बीने चकत्यांत दाखवले की त्यातले अभ्रकासारखे बारीक पत्रे एका दिशेला ओळीने पडलेले आहेत. वेल्सच्या दगडांत हिरवे ठिपके असतात. मुळात गोल असलेले ते ठिपके चेपून लंबगोल झालेले त्याला आढळले, आणि त्यांची लांबी-रुंदी मोजून दगड किती दाबला गेला याचा हिशेब त्याने केला. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला आकडा देण्याची ही त्याची सवय शेवटपर्यंत टिकली. १८५७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

१८५८ सालचा त्याचा निबंध फार मोठा. स्फटिकांच्या पोटात सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत थोडा द्रव असतो आणि त्या द्रवात बहुधा एक बुडबुडा असतो. सॉर्बीने विचार केला तो असा. स्फटिक तयार झाला तेव्हा तो तापलेला होता आणि पोकळी द्रवाने पूर्ण भरलेली होती. निवताना द्रव स्फटिकापेक्षा जास्त आकसला आणि जागा मोकळी पडली, तोच बुडबुडा. मग तो स्फटिक पुन्हा तापवत गेले तर ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होईल त्यावरून स्फटिक जन्मला तेव्हाच्या उष्णतेचा अंदाज बांधता येईल. ग्रॅनाइटच्या जन्मात उष्णतेबरोबर पाण्याचाही भाग होता, असे त्यावरून त्याने मांडले. आज सोन्या-तांब्याच्या शिरा कोणत्या तापमानाला तयार झाल्या हे ठरवताना जगभर हीच पद्धत, दाबाचा हिशेब जोडून, वापरली जाते.

त्या काळच्या भूशास्त्रज्ञांना मात्र हे विचित्र वाटले. डोंगराचा अभ्यास डोंगरावर हिंडून करायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली काय घालायचा, अशी थट्टा झाली. सॉर्बी वादात पडला नाही. वळण अगदी अनपेक्षित ठिकाणी लागले. १८६१ च्या सुमारास तो जर्मनीत बॉन येथे गेला असता फर्डिनांड झिर्केल नावाच्या एका तरुणाची गाठ पडली. दोघे ऱ्हाइनकाठच्या टेकड्यांतून हिंडले, सॉर्बीने त्याला चकत्या दाखवल्या, करण्याची रीत सांगितली. झिर्केलने तो विषय आपला मानला, त्यावर ग्रंथ लिहिले, विद्यार्थी तयार केले. इंग्लंडने जे हसण्यावारी नेले ते जर्मनीतून शास्त्र होऊन परत आले. सॉर्बीने कधी हक्क सांगितला नाही की कुरकुर केली नाही.

धातूंकडे तो वळला तो उल्कांमुळे. लोखंडी उल्का घासून त्यावर आम्ल लावले की सुंदर जाळीदार नक्षी उमटते. मग आपल्या गावच्या पोलादाचे काय, हा प्रश्न शेफील्डच्या मुलाला पडणे स्वाभाविकच होते. १८६३ साली त्याने पोलादाचे आणि लोखंडाचे तुकडे घेतले, दगडासाठी वापरायचा तोच सराव धातूवर केला, तोंड आरशासारखे केले, पातळ नायट्रिक आम्लाने हलके चरवले आणि वरून उजेड टाकून पाहिले. पोलाद हा एकजीव पदार्थ नाही, तोही ग्रॅनाइटसारखा निरनिराळ्या कणांचा बनलेला खडकच आहे, हे त्याला दिसले. १८६४ साली बाथ येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने हे मांडले. पोलादाच्या धंद्यावर जगणाऱ्या त्याच्या गावानेही त्याकडे जवळजवळ लक्ष दिले नाही. वीस वर्षे ते तसेच पडून राहिले. १८८० नंतरच्या दशकात, इतर देशांतही कोणी कोणी हा मार्ग धरल्यावर, सॉर्बीने जुने नमुने पुन्हा बाहेर काढले आणि जास्त शक्तीच्या भिंगाखाली पाहिले. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक मारणारा जो भाग त्याला आधी एकच वाटला होता, तो दोन पदार्थांच्या अत्यंत पातळ थरांचा, एकाआड एक रचलेला निघाला. मोत्यासारख्या त्या झाकेवरूनच त्याला पुढे पर्लाइट हे नाव मिळाले. धातुशास्त्राचा विद्यार्थी आज पहिल्याच वर्षी तो पाहतो.

आता त्या खूण केलेल्या प्रकरणाकडे येतो.

१८६५ पासून सॉर्बी सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडून काम करीत होता. अगदी लहान कणातून गेलेल्या प्रकाशाचा वर्णपट त्यात पाहता येई. रक्ताचे डाग ओळखणे, पानाफुलांचे रंग तपासणे अशी कामे त्याने त्यावर केली. सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सापडणाऱ्या झिरकॉनच्या खड्यांना जार्गॉन म्हणतात. काही खड्यांच्या वर्णपटात सॉर्बीला काळ्या रेघा दिसल्या. त्या काळात नवी मूलद्रव्ये वर्णपटावरूनच सापडत होती. सॉर्बीने १८६९ साली जाहीर केले की झिरकॉनमध्ये एक नवे मूलद्रव्य आहे, आणि त्याला जार्गोनियम असे नाव दिले. त्याच वर्षी भूशास्त्रीय सोसायटीचे वोलॅस्टन पदक त्याला मिळालेले. कीर्तीच्या ऐन भरात हा शोध.

पुढच्याच वर्षी, आणखी प्रयोग करताना, त्याच्या लक्षात आले की त्या रेघा नव्या मूलद्रव्याच्या नाहीत. झिरकॉनमध्ये युरेनियमचा अगदी अल्प अंश मिसळला तरी त्या उमटतात. युरेनियमच्या इतर संयुगांत रेघा वेगळ्या दिसतात, म्हणून तो फसला होता. हे त्याला दुसऱ्या कोणी दाखवले नाही, त्याने स्वतःच शोधून काढले. १८७० साली त्याने आपली चूक सविस्तर प्रसिद्ध केली. कुठे फसलो, का फसलो आणि त्यातून काय कळले, हे सगळे. एवढ्यावर न थांबता त्या चुकीतूनच त्याने एक उपयोगाची गोष्ट काढली. अत्यल्प युरेनियम ओळखण्याची ही एक रीतच झाली, हे त्याने दाखवून दिले.

काळाची गंमत पाहा. झिरकॉनमध्ये एक अनोळखी मूलद्रव्य खरोखरच दडलेले होते. १९२३ साली कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांना ते क्ष-किरणांच्या साहाय्याने सापडले आणि त्याला हाफ्नियम हे नाव मिळाले. म्हणून सॉर्बी बरोबर होता असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच्या रेघा युरेनियमच्याच होत्या. उत्तर योगायोगाने जुळले तरी पुरावा चुकीचा असेल तर तो शोध नव्हे. सॉर्बी असता तर त्यानेही हेच म्हटले असते असे मला वाटते.

ते प्रकरण वाचून झाल्यावर त्याच रात्री मी माझे पत्र लिहिले. कुठे चुकलो हे लिहिले आणि पुढच्या मोजणीत काय बदलायचे तेही लिहिले.

काय बदलायचे ते येथे थोडक्यात सांगतो, कारण सॉर्बीची वाट तिथपर्यंत येते. कापलेल्या तोंडावरून आतले प्रमाण काढता येते, हे फ्रान्सच्या दलेस याने १८४७ साली दाखवले होते. दगडाच्या तोंडावरील प्रत्येक खनिजाची आकृती तो तेलकट कागदावर उतरवी, कागद कथलाच्या वर्खावर चिकटवी, आकृत्या कात्रीने कापून वेगवेगळ्या तोली. वजनाचे प्रमाण म्हणजे क्षेत्रफळाचे प्रमाण आणि सरासरीने तेच घनफळाचे प्रमाण. व्हिएन्नाच्या रोझिवाल याने १८९८ साली क्षेत्राऐवजी रेघा मोजल्या, पुढे १९३० नंतर नुसते बिंदू मोजण्याची रीत आली. पण खनिज किती आहे हे कळणे निराळे आणि ते किती सुटे आहे हे कळणे निराळे. दुसऱ्या प्रश्नाला नीट हात घातला तो अंत्वान गोदँ या अभियंत्याने. हा स्मर्ना येथे १९०० साली जन्मलेला फ्रेंच, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. १९३९ च्या आपल्या ग्रंथात त्याने सुटेपणाची साधी व्याख्या वापरली. एकूण मॅग्नेटाइट शंभर भाग धरले आणि त्यांपैकी ऐंशी भाग निव्वळ मॅग्नेटाइटच्या कणांत असले, तर सुटेपण शेकडा ८०.

त्याने एक हिशेबही मांडला तो विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावा. खनिजाचा कण घनाकृती आहे आणि दळताना तो सारख्या घनांत फुटतो असे समजू. फुटण्याच्या रेषा कणाच्या कडांशी जुळत नाहीत. कणाची बाजू तुकड्याच्या बाजूच्या दुप्पट असेल तर प्रत्येक बाजूला एकच तुकडा पूर्ण आत बसतो, म्हणजे आठ भागांतला एकच भाग सुटा, शेकडा १२.५. बाजू दहापट असेल तर नऊ तुकडे आत बसतात. नऊचा घन ७२९, दहाचा घन १०००. म्हणजे शेकडा ७३ च्या आसपास. कणाच्या आकाराइतके दळले की कण सुटा होतो, हा आपला सहजसमज किती फसवा आहे ते यावरून कळते. प्रत्यक्षात काही धातुके खनिजांच्या सीमेवरच फुटतात, त्यांचे सुटेपण यापेक्षा बरे असते. म्हणूनच नुसत्या हिशेबावर विसंबून चालत नाही, पाहावे लागते.

म्हणून मी पूड चाळून आकारवार वेगळी केली, प्रत्येक चाळणीवरची पूड स्वतंत्र मोजली आणि तोंडावर दिसलेल्या सुटेपणाला जोडकणांच्या मानाने कात्री लावली. उत्तर चाचणीशी बरेच जुळले. आपल्या कर्नाटकातील कुद्रेमुख येथे १९८० पासून २००५ अखेरपर्यंत मॅग्नेटाइट आणि क्वार्ट्झ वेगळे करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालले. तिथेही मूळ प्रश्न हाच होता, किती दळायचे. १९७० नंतरच्या काळात ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला संगणक जोडून हजारो कण आपोआप मोजणारी यंत्रे तयार होऊ लागली आणि आज ती जगभर आहेत. पण तीही पाहतात ते कापून घासलेले तोंडच, सॉर्बीने पोलादाचे पाहिले तसे. आणि बेदाण्याची गोष्ट त्यांनाही लागू आहे. अलीकडे क्ष-किरणांनी न कापता कणाच्या आत पाहण्याची सोय झाली आहे, तेव्हा कुठे त्या अडचणीवर सरळ उपाय सापडू लागला.

सॉर्बीचे उत्तरायुष्य शांत पण भरलेले होते. आई गेल्यानंतर, १८७८ साली, त्याने ग्लिम्प्स नावाची एक शिडाची होडी घेतली आणि पुढे कित्येक वर्षे उन्हाळा तिच्यावर काढला. होडीतच प्रयोगशाळा. टेम्सच्या मुखातील पाणी, गाळ आणि समुद्रजीव यांचा अभ्यास त्याने तिथे केला. लंडनच्या सांडपाण्याने नदीचे काय होते याच्या सरकारी चौकशीतही त्याच्या मोजमापांचा उपयोग झाला. १८७८ ते १८८० तो भूशास्त्रीय सोसायटीचा अध्यक्ष होता. ज्यांनी थट्टा केली त्यांच्याच सभेत अध्यक्षपदावरून त्याने चुनखडीच्या आणि वालुकाश्मांच्या सूक्ष्म रचनेवर भाषणे केली.

स्वतः विद्यापीठात न गेलेल्या या माणसाने आपल्या गावात विद्यापीठ व्हावे म्हणून मात्र झटून काम केले. शेफील्डला १८७९ साली फर्थ कॉलेज निघाले. १८८२ पासून १८९७ पर्यंत सॉर्बी त्याचा अध्यक्ष होता. १९०५ साली त्या कॉलेजातून वाढलेल्या संस्थेला विद्यापीठाची सनद मिळाली, ती त्याला पाहायला मिळाली.

शेवटच्या वर्षांत पाय निकामी झाले आणि तो घरात अडकला. चकत्या घासणे संपले, होडी संपली. पण पन्नास वर्षांच्या मोजणीच्या वह्या जवळ होत्या. वाळूचा कण पाण्यात किती वेगाने बुडतो, चिखल किती दाबला की किती आकसतो, खडकात रिकामी जागा किती असते, हे सगळे त्याने तरुणपणापासून मोजून ठेवले होते. ते एकत्र करून खडकांच्या अभ्यासात मोजमापाच्या पद्धती कशा लावाव्यात यावर त्याने एक मोठा निबंध तयार केला. १९०८ च्या जानेवारीत तो लंडनला सभेपुढे आला. दोन महिन्यांनी, ९ मार्च १९०८ रोजी, सॉर्बी वारला. मागे राहिलेल्या पैशातून शेफील्डला भूशास्त्राचे अध्यासन आणि रॉयल सोसायटीकडे एक संशोधनवृत्ती अशी व्यवस्था त्याने करून ठेवली होती. एकवीस वर्षांचा असताना जो पैसा त्याने वाढवला नाही तो असा दुसऱ्यांच्या वेळेसाठी कामी आला.

पुढे मी ती नोकरी सोडून शिकवायला आलो. माझ्या त्या पत्राची एक प्रत अजून माझ्यापाशी आहे. प्रकल्पाच्या वहीत आकडा खोडून दुसरा लिहिताना एखाद्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो, तेव्हा मी ती काढून दाखवतो आणि जुना आकडा खोडरबराने पुसू न देता त्यावर फक्त एक रेघ मारायला सांगतो, म्हणजे काय बदलले ते पुढच्याला वाचता येईल. मग आम्ही पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळतो, कारण वेळ थोडा असतो आणि मोजायचे कण बरेच उरलेले असतात.